थांबणारा माग

मी जन्मभर शाळामास्तर. कारखान्यांविषयीं बोलण्याचा मला अधिकार काय, असें कोणी विचारील. परंतु शनिवारीं वह्यांचा गठ्ठा तपासावयास घ्यावा आणि सोमवारीं शिकविलेल्या त्रैराशिकांत साऱ्या वर्गानें एकच चूक आठवडाभर गिरविलेली आढळावी, हा अनुभव मी पुष्कळ वर्षें घेतला आहे.

जपानांत साकिची टोयोडा नांवाच्या एका सुताराच्या मुलानें सन १९२४ सालीं स्वयंचलित माग पूर्ण केला. धागा तुटतांच तो आपोआप थांबे. थांबणें म्हणजे नुकसान, असें वरवर वाटतें. पण त्यामुळें सदोष कापड वाढत नसे आणि एकाच कामकऱ्यास अनेक माग संभाळतां येत. याच घराण्यानें पुढें टोयोटा हा मोटारींचा कारखाना काढला. आणि तेथील ताइइची ओनो यांनीं दुसऱ्या महायुद्धानंतर हें तत्त्व सबंध कारखान्यास लागू केलें.

ओनो यांनीं अपव्ययाचे सात प्रकार मानिले. त्यांत गरजेहून अधिक माल आगाऊ करून ठेवणें हा सर्वांत वाईट. आपणां गृहस्थांस हें चटकन् पटत नाहीं. भरलेलें कोठार म्हणजे लक्ष्मी! पण राशींत पैसा अडकतो, जागा अडते, आणि तळाशीं दडलेला दोष फार उशिरां उघडा पडतो. म्हणून पुढील खात्यानें चिठ्ठी पाठविल्यावांचून मागील खात्यानें कांहीं करावयाचें नाहीं, असा नियम झाला. ती चिठ्ठी म्हणजेच ‘कानबान’. फळीवरचा माल उचलला जाईल तितकाच पुन्हां भरावयाचा, ही अमेरिकन दुकानांची रीत त्यांना येथें उपयोगी पडली.

अडचण एकच होती. पत्रा दाबणाऱ्या अवजड यंत्राचा साचा बदलण्यास तासन् तास लागत. मग एकदां बसविलेल्या साच्यावर ढीगभर माल काढण्याचा मोह कोणास होणार नाहीं? शिगेओ शिंगो यांनीं सन १९६९ मध्यें १००० टनी यंत्राच्या साचेबदलाचा ४ तासांचा वेळ प्रथम दीड तासावर आणि नंतर ३ मिनिटांवर आणिला. यंत्र चालू असतांनाच पुढील साच्याची सिद्धता करून ठेवावयाची आणि तें थांबल्यावर केवळ अदलाबदल, हें त्यांतील मुख्य मर्म.

यांत धोका नाहीं असें नव्हे. सन १९९७ च्या फेब्रुवारींत ब्रेकचा एक लहानसा भाग पुरविणारा कारखाना जळाला, तेव्हां शिल्लक साठा नसल्यामुळें टोयोटाचे बहुतेक कारखाने कांहीं दिवस बंद पडले. जो भाग एकाच ठिकाणाहून येतो, त्याचा थोडा साठा ठेवावा, असें माझें मत.

सेवेच्या अखेरच्या वर्षांत मी रोज पांचच वह्या, पण तास संपण्यापूर्वीं, तपासूं लागलों. सोमवारची चूक सोमवारींच सांपडे, आणि घरीं न्यावयास गठ्ठा उरत नसे.