भिंगावरील क्रमांकाची साक्ष

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाच्या छायाचित्रणासाठी नॉर्मन लॉकियर विजयदुर्गास आले होते. (१८६८ च्या ग्रहणासही ते येथे होते, ही समजूत चुकीची, त्या वर्षी ते इंग्लंडातच होते.) त्या मोहिमेतील म्हणून एखादे भिंग पुढे आल्यास त्याच्या कड्यावरील क्रमांक काय सांगेल? निर्मात्याची नोंदवही उपलब्ध असेल तर घडणीचा काळ, तोही सुमारानेच. पुढील काळातील लायका भिंगांचे क्रमांकही गटागटाने आधी नेमले जात, भिंगे मागाहून घडत. क्रमांक स्पष्टपणे १८९८ नंतरचा ठरला तर दावा निकालात निघतो. अगोदरचा ठरला तर भिंग विजयदुर्गी आले होते असे मात्र मुळीच सिद्ध होत नाही. त्यासाठी मोहिमेचा वृत्तान्तच धुंडाळावा लागतो.