आठशे मीटरचा हिशोब

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की तालुक्याच्या गावांतली मैदानं पहाटे पाचलाच जागी होतात. आता त्यात मुलीही भरपूर असतात आणि मला त्याचं फार अप्रूप वाटतं. आमच्या कॉलेजच्या दिवसांत एखादी मुलगी रस्त्यानं पळताना दिसली, तर लोक आधी विचारायचे, "काय गं, घरी कोणी आजारी आहे का?"

शिपाई पदासाठी मुलींची मैदानी परीक्षा ५० गुणांची असते. त्यात ८०० मीटर धावण्याला २०, १०० मीटर धावण्याला १५ आणि ४ किलोच्या गोळाफेकीला १५. म्हणजे सगळ्यात मोठा वाटा आठशे मीटरचा. वेळ जशी वाढेल तसे गुण घसरतात, आणि मैदानीत निम्मे गुण पडल्याशिवाय लेखीचं दार उघडत नाही. मुलगी अभ्यासात कितीही हुशार असो, पाच-दहा सेकंदांनी तिचं वर्ष जाऊ शकतं. घरी लग्नाची बोलणी सुरू असतील तर 'वर्ष' म्हणजे काय, हे तुम्हा मैत्रिणींना मी वेगळं सांगायला नको.

आमच्या महिला मंडळानं काही वर्षांपूर्वी अशा मुलींसाठी पहाटेचा वर्ग सुरू केला. शिकवतात निवृत्त क्रीडाशिक्षक. माझ्याकडे स्टॉपवॉच, वही आणि घरच्यांची समजूत काढायचं खातं. त्या वहीतलीच एक नोंद सांगते. गोठ्यातलं काम आटोपून येणारी एक मुलगी. पहिल्या दिवशी तिनं आठशे मीटरला ३ मिनिटं ४० सेकंद घेतले. सरांनी मला दर दोनशे मीटरची वेळ टिपायला सांगितली होती. पहिले दोनशे ३८ सेकंदांत, दुसरे ५२, तिसरे ६८ आणि शेवटचे ६२. सुरुवातीला मागे कुत्रं लागल्यासारखी सुटली आणि तिसऱ्या टप्प्यात अक्षरशः पाय ओढत होती.

नवीन मुलींपैकी बहुतेकींचं असंच होतं. चुलीत एकदम सगळी लाकडं कोंबली की जाळ कमी आणि धूर जास्त, तसं. एकदम वेगानं पळालं की स्नायूंना लागेल तेवढा प्राणवायू रक्तातून पोचत नाही. मग पाय जड होतात, श्वास लागतो, आणि तो थकवा उरलेल्या अंतरात भरून निघत नाही. पुढच्या आठवड्यात सरांनी तिला एकच गोष्ट करायला लावली: प्रत्येक दोनशे ५३ सेकंदांत. वेळ आली ३ मिनिटं ३२ सेकंद. दम तोच, पाय तेच, आठ सेकंद नुसत्या हिशोबानं वाचले!

तीन मिनिटांत आठशे मीटर पळायचं असेल तर दोनशेला ४५ सेकंद पडतात. हा आकडा अंगात मुरला पाहिजे. त्यासाठी आधी मैदान मोजून घ्या. 'अंदाजे दोनशे असेल' यावर भरवसा ठेवू नका; टेपनं मोजून चुन्याच्या खुणा करा.

तयारीला निदान तीन-चार महिने हवेत. जाहिरात आल्यावर सुरू करणाऱ्या मुलींचे गुडघे आणि नडग्या महिनाभरातच कुरकुरायला लागतात. पहिला महिना फक्त सावकाश पळणं. इतकं सावकाश की शेजारणीशी बोलता आलं पाहिजे. वीस मिनिटांपासून सुरू करून हळूहळू अर्धा-पाऊण तास. मुलींना याचा फार कंटाळा येतो, 'सर, हे तर चालण्यासारखंच आहे' म्हणतात. पण आठशे मीटरमध्ये निम्म्याहून जास्त काम दमाचंच असतं, आणि तो दम या कंटाळवाण्या पळण्यातूनच येतो.

त्यानंतर तुकड्यांचा सराव. आठवड्यातून दोनच दिवस, तेही लागोपाठ नाहीत. एका दिवशी दोनशे मीटर सहा वेळा, प्रत्येक वेळी ठरलेल्या ४५ सेकंदांत, मध्ये दीड-दोन मिनिटं चालणं. पहिला तुकडा ४० आणि शेवटचा ५५ झाला, तर तो सराव फुकट गेला असं सर म्हणतात. सहाही सारखे आले पाहिजेत. दुसऱ्या दिवशी चारशे मीटर तीन वेळा, मध्ये चार-पाच मिनिटं विश्रांती. बाकीचे दिवस सावकाश पळणं, उठाबशा, पायऱ्या, टाचा उचलणं, पोटाचे व्यायाम; आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. पूर्ण आठशे मीटर घड्याळ लावून पंधरा दिवसांतून एकदाच. रोज परीक्षा दिल्यानं कोणी पास होत नाही.

सराव करूनही वेळ सुधारत नसेल तर एकदा रक्त तपासा. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिनच कमी असेल तर पळणारी दमणारच. तिला आळशी म्हणून काय उपयोग? लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात आणि चहाबरोबर मुळीच घेऊ नयेत, चहामुळे लोह अंगी लागत नाही. पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळा. पळायच्या आधी उपाशीही नको, एखादं केळं पुरतं. मैदानाबाहेर मिळणाऱ्या 'ताकदीच्या' गोळ्या-इंजेक्शनांच्या वाटेला जाऊ नका.

पाळीत पळावं का, हा प्रश्न मुली मला बाजूला घेऊन विचारतात. त्रास होत नसेल तर खुशाल पळावं. फार दुखत असेल, अंगावरून फार जात असेल तर विश्रांती आणि डॉक्टर. आणि आयांनो, बुटांवर खर्च करता तसा चांगल्या घट्ट बसणाऱ्या स्पोर्ट्स ब्रावरही करा. ओढणी सांभाळत कोणाचीही वेळ सुधारत नाही.

बायकांनी आठशे मीटर पळावं की नाही, यावर एके काळी ऑलिंपिकमध्येही वाद झाला होता. १९२८ साली अ‍ॅम्स्टरडॅमला ही शर्यत पहिल्यांदा झाली, जर्मनीची लीना राडके जिंकली. शर्यतीनंतर काही जणी दमून खाली बसल्या-पडल्या, तर वर्तमानपत्रांनी त्याचं असं काही चित्र रंगवलं की बायकांना हे अंतर झेपतच नाही असं ठरलं. पुढे थेट १९६० च्या रोम ऑलिंपिकपर्यंत ही शर्यत बंद! पुरुष शर्यतीनंतर आडवे पडतात तेव्हा मात्र त्याला जिद्द म्हणतात. आपल्याकडे शायनी विल्सन १९८४ ला याच शर्यतीत ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोचली. आणि माणसारख्या दुष्काळी तालुक्यातली ललिता बाबर २०१६ ला रिओत तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली.

दमून बसणं वेगळं आणि जिवावर बेतणं वेगळं, हेही सांगायला हवं. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या भरतीत पाच किलोमीटर धावताना काही तरुणांचा मृत्यू झाला होता. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर थांबायचं. गुण गेले तर जाऊ देत.

आमच्या गोठेवालीनं चौदा आठवड्यांनंतर पहिले दोनशे ४५ मध्ये घेतले, मग ४६, ४७ आणि शेवटचे ४३. एकूण ३ मिनिटं १ सेकंद. 'एक सेकंद राहिला' म्हणून ती रडत होती आणि सर हसत होते, कारण शेवटचा टप्पा सगळ्यात वेगवान आला होता.

परीक्षेच्या आधीचा आठवडा हलका ठेवा, निम्माच सराव. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. उभं राहताना घोळक्याच्या मधोमध नको, ढकलाढकलीत पाय अडकतो. वळणावर बाहेरून पळालात तर फुकट अंतर वाढतं, म्हणून आतल्या रेषेला धरा. बाकीच्या पुढे सुटल्या तर सुटू द्या, सहाशे मीटरनंतर त्यातल्या बऱ्याच जणी भेटतात. आणि रेषा ओलांडली की मटकन खाली बसू नका, पाच मिनिटं चालत राहा, घोट-घोट पाणी प्या. शंभर मीटर आणि गोळाफेक राहिली असेल तर पाय मोकळे हवेत.