पोर्चला शटर लावताय? आधी हे तपासा

बंगल्याच्या पोर्चला दोन भिंती आणि शटर, झालं गॅरेज! कंत्राटदार असंच सांगतो. पण 2016 च्या रेरा कायद्यातली गॅरेजची व्याख्या बघा: छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली पार्किंगची जागा. उघडं पार्किंग त्यात येत नाही. म्हणजे भिंत चढली की जागेचं स्वरूप बदलतं, एफएसआयचा हिशेबही बदलू शकतो. म्हणून आधी आर्किटेक्टकडून सुधारित नकाशा, मग महापालिकेची मंजुरी, मगच गवंडी. विनापरवाना काम केलं तर एमआरटीपी कायद्याच्या कलम 53 खाली पाडण्याची नोटीस येऊ शकते. ‘शेजाऱ्यानेही केलंय’ हा बचाव चालत नाही.

मंजुरी मिळाली तरी हवा खेळती राहील अशी जाळी ठेवाच. बंद गॅरेजमध्ये इंजिन सुरू राहिलं, तर साचणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो. त्याला वासही नसतो.