खिशातल्या यंत्रावर अंमल कोणाचा

ज्या यंत्राची किंमत आपण मोजली, जे अहोरात्र आपल्या सन्निध असते आणि ज्यात आपला पत्रव्यवहार, छायाचित्रे व हिशेब साठलेले असतात, त्या यंत्राला चार कामे ओळीने करण्याचा हुकूम एकदाच लिहून ठेवण्याची मुभा सामान्य मालकाला कितपत असावी, हा प्रश्न गेल्या दीड दशकात ज्या संथ गतीने सुटत आला, त्याचा इतिहास मला नवनव्या कॅमेऱ्यांच्या आणि पडद्यांच्या इतिहासाहून अधिक मोलाचा वाटतो.

अँड्रॉइडवर ही मुभा प्रारंभापासून पुष्कळ उदार होती. २०१० साली आलेल्या ‘टास्कर’ या ॲपने अट आणि कार्य यांची सांगड घालून दिली, आणि अमुक वेळ झाली किंवा अमुक ठिकाण आले की फोनने तमुक कामे आपण होऊन करावीत, अशी तजवीज मालकाला करता येऊ लागली. आयफोनवर मात्र प्रत्येक ॲप आपापल्या हद्दीत बंदिस्त असे. शेजारच्या ॲपच्या दस्तऐवजाला हात लावण्यास त्याला सक्त मज्जाव होता. ही तटबंदी सुरक्षिततेसाठी होती आणि तिचे समर्थन मी आजही करीन. परंतु तिच्या आतून वाट काढण्यासाठी कल्पक मंडळींनी जी युक्ती योजली, तीही तितकीच आदरास पात्र आहे. एका ॲपने ठरावीक पत्ता वापरून दुसऱ्याला जागे करावयाचे, आणि काम उरकल्यावर कोठे परतावयाचे तो पत्ताही ‘एक्स-कॉलबॅक-यूआरएल’ या संकेतानुसार सोबत धाडावयाचा, असा तो शिरस्ता होता. तो चाले, पण असे पत्ते अक्षर न चुकता लिहिणे हौशी तज्ज्ञांनाच साधे.

ते कौशल्य इतरेजनांच्या आवाक्यात आणले ‘वर्कफ्लो’ या ॲपने. मिशिगन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१४ च्या आरंभी भरवलेल्या ‘एम-हॅक्स’ स्पर्धेत अरी वाइनस्टीन, कॉनरॅड क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा पहिला आराखडा उभा केला. त्याच वर्षी आयफोनच्या आयओएस ८ या प्रणालीने एका ॲपचा अंश दुसऱ्याच्या आत चालवण्याची तरतूद केली, आणि डिसेंबरात वर्कफ्लो प्रसिद्ध झाले. कृतींचे ठोकळे एकाखाली एक मांडावेत आणि वरच्याचे फलित खालच्याच्या हाती जावे, एवढीच त्याची रचना. कचेरीतून निघताना सध्याचे स्थान घ्यावे, घरापर्यंतच्या प्रवासाचा अवधी काढावा, तो संदेशात गुंफून घरी पाठवावा, ही सारी मालिका एका स्पर्शात पार पडू लागली.

तथापि वर्कफ्लोचे खरे श्रेय मला अन्यत्र दिसते. ठोकळे उचलून जागेवर ठेवण्याची ही रीत संपूर्णपणे दृष्टीवर विसंबलेली राहिली असती, तर त्यात कोणाला नवल वाटले नसते. पण या तरुणांनी प्रत्येक घटकाला नाव दिले, सूचना जोडल्या आणि ठोकळा हलवताना तो कोठे जात आहे हे अंधांसाठी पडदा वाचून दाखवणाऱ्या ‘व्हॉइसओव्हर’कडून उच्चारले जाईल अशी व्यवस्था केली. २०१५ चे ॲपल डिझाइन पारितोषिक त्यांना लाभले ते याच गुणासाठी. ज्याला पडद्यावरील प्रत्येक बटण ऐकत ऐकत शोधावे लागते, त्याची दहा बटणांची यातायात एका हुकमात सामावते, तेव्हा या विद्येचा सर्वांत मोठा हक्कदार तोच नव्हे काय?

२०१६ च्या ऑक्टोबरात ॲपलने साल सोघोयन यांचे, म्हणजे मॅकवरील स्वयंचलनाचा दीर्घकाळ पुरस्कार करणाऱ्या अधिकाऱ्याचे, पद रद्द केले, तेव्हा या विद्येला ओहोटी लागली अशी भीती अनेकांना वाटली. आणि पुढच्याच मार्चमध्ये त्याच कंपनीने वर्कफ्लो विकत घेऊन ते विनामूल्य केले. २०१८ मध्ये आयओएस १२ बरोबर त्याचे ‘शॉर्टकट्स’ झाले, २०१९ मध्ये ते आयफोनमध्ये मूळचेच आले आणि २०२१ मध्ये मॅकवर पोहोचले. मात्र त्याच २०२१ च्या मार्चमध्ये लोकांनी परस्परांना दिलेले शॉर्टकट्सचे जुने दुवे एकाएकी निकामी झाले. पुढे ते पूर्ववत झाले खरे, पण हुकूम आपला असला तरी दप्तर दुसऱ्याच्या ताब्यात आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. अँड्रॉइडवरही २०१८ च्या अखेरीस गूगलने संदेश व कॉलच्या नोंदी वाचण्याच्या परवानग्या आवळल्या, तेव्हा टास्करसारख्यांना अपवाद म्हणून सवलत मिळवावी लागली.

२०२५ च्या आयओएस २६ मध्ये शॉर्टकट्सच्या साखळीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या भाषिक प्रारूपाला विचारण्याची एक कृती दाखल झाली आहे. विस्कळीत मजकुरातून तारीख वा रक्कम वेचून काढण्यास ती निःसंशय उपकारक आहे. परंतु आजवरच्या साखळीतील प्रत्येक कडी मालकाला वाचता येई, आणि चूक झाली तर ती कोणत्या कडीत झाली हेही सापडे. या नव्या कडीचे उत्तर आज एक तर उद्या दुसरे येऊ शकते, म्हणून पैसे देण्याच्या किंवा संदेश धाडण्याच्या कृतीपूर्वी तिचे फलित मालकाच्या नजरेखालून जावे, अशी तरतूद साखळी लिहिणाऱ्याने स्वतःच करून ठेवणे मला अगत्याचे वाटते.