तुळजापूरची वाट आणि कॅन्सर

कोजागिरीच्या सुमारास सोलापूर चालायला लागतं. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही गाडी काढणारी माणसं त्या रात्री तुळजापूरच्या रस्त्याला लागतात आणि ४५ किलोमीटरच्या आसपासचं अंतर पायी तोडतात. याच शहरात घरातलं कुणी केमो संपवून परतलं, की मायेनं सांगितलं जातं, "आता नुसतं पडून राहायचं. तांब्यासुद्धा उचलायचा नाही." माया खरी आहे, सल्ला मात्र चुकीचा आहे.

२०२५ साली एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि केमो झालेले ८८९ रुग्ण होते. निम्म्यांना व्यायामाची माहितीपुस्तिका दिली, तर उरलेल्यांकडून ३ वर्षं मार्गदर्शकाच्या पाठबळानं व्यायाम करवून घेतला. आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण-एक तास झपाझप चाललं तरी पुरे, इतकाच तो होता. ८ वर्षांनी व्यायाम करणाऱ्यांपैकी ९० टक्के हयात होते, दुसऱ्या गटातले ८३ टक्के. हा फरक एखाद्या नव्या औषधानं पडला असता, तर ते औषध मिळवायला आपण वाटेल ती धडपड केली असती!

चालण्यानं नेमकं होतं काय? स्नायू रक्तातली साखर वापरतात आणि इन्शुलिन आटोक्यात राहतं. पाळी गेल्यानंतर बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत तयार होतं. चरबी घटली की तेही कमी होतं. शरीरात धुमसत राहणारा दाह उतरतो. म्हणूनच नियमित हालचाल करणाऱ्यांमध्ये आतड्याचा, स्तनाचा आणि गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर कमी आढळतो. त्यासाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वर्षातली एक रात्र त्याची भरपाई करू शकत नाही.

स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर बायका हात अंगाशी धरून बसतात. सूज येईल, टाके उसवतील, ही भीती असते. मग खांदा आखडतो, वेणी घालायलाही हात वर जात नाही. डॉक्टरांनी सांगितल्यावर भिंतीवर बोटं हळूहळू वर चढवत नेण्याचा साधा व्यायाम रोज करावा. हाताला सूज असलेल्या बायकांनी देखरेखीखाली हलकी वजनं बेतानं वाढवत उचलली, तरी सूज वाढत नाही, हे २००९ सालीच दिसून आलं आहे. थकव्याचंही तसंच. केमोनंतरचा थकवा झोपून जात नाही, थोडं थोडं चालल्यानं उतरतो. अंगणात पाच मिनिटांपासून सुरुवात करावी. ताप असेल, रक्त फार कमी झालं असेल किंवा आजार हाडांत उतरला असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

पण चालणं म्हणजे कवच नव्हे, हे सोलापुरात तरी ठासून सांगायला हवं. इथल्या हजारो बायका मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळतात. बोटं थांबत नाहीत, पण पाय तासन्‌तास हलत नाहीत. मध्येमध्ये उठून चार पावलं टाकणं त्यांच्या हिताचंच, पण त्यानं नाकातोंडात जाणारी तंबाखूची धूळ किंवा तोंडातली मिश्री निरुपद्रवी होत नाही. गर्भाशयमुखाचा कॅन्सर तर एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. तिथे तपासणी कामी येते.

तपासणी कामी येते, याचा पुरावा आपल्या दारातच तयार झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयातून १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. तिथल्या डॉक्टरांनी टाटा मेमोरियलच्या साथीनं शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास केला. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. कोजागिरीला आपण ज्या तुळजापूरला चालत जातो, ते याच जिल्ह्यात आहे.