नोकरीनिमित्त स्थलांतर आणि कुटुंबाचे निवासस्थान : ठाणे व कल्याण-डोंबिवली

मुंबईच्या परिसरात नवी नोकरी मिळाली की घरात पहिला प्रश्न उभा राहतो तो बिऱ्हाड कोठे करावे हा. सातारा, नाशिक, जळगाव अथवा रत्नागिरीहून येणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबास खुद्द मुंबई बेटावरील जागा बहुधा परवडत नाही. आणि मग ठाणे, डोंबिवली, कल्याण ही नावे पुढे येतात. मित्र व आप्त यांच्याकडे चौकशी होते. ती बहुधा ‘त्यांतले चांगले गाव कोणते?’ एवढ्यावरच थांबते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, हा प्रश्नच अपुरा आहे. नोकरी एकाची असते, स्थलांतर मात्र सर्वांचे होते. म्हणून निवासस्थानाची निवड एका माणसाच्या कचेरीपासूनच्या अंतरावरून न करता संपूर्ण कुटुंबाच्या दिवसावरून करावयास हवी. ही कसोटी कशी लावावी, याचा येथे विचार केला आहे.

१. या नगरांची घडण

ठाणे, डोंबिवली व कल्याण यांना बोलताना आपण उपनगरे म्हणतो. परंतु प्रशासकीय दृष्ट्या ती मुंबईची उपनगरे नव्हेत. मुंबई उपनगर जिल्ह्याची हद्द मुलुंडला संपते व तेथून पुढे ठाणे जिल्हा लागतो. कल्याण हे तर प्राचीन बंदर असून कान्हेरीच्या शिलालेखांत त्याचा उल्लेख आढळतो. या गावांना मुंबईशी जोडले ते रेल्वेने. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली आणि पुढील वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. कल्याणहून एक फाटा कसारा-नाशिककडे व दुसरा कर्जत-पुण्याकडे जातो, त्यामुळे या स्थानकाचे महत्त्व आजही टिकून आहे.

तथापि केवळ रेल्वेमुळे ही गावे कुटुंबवत्सल वसाहती झाली नाहीत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील जुनी भाडी गोठविली. भाडेकरूस संरक्षण मिळाले खरे, पण भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधण्यात धनिकांस स्वारस्य उरले नाही. पागडी देण्याची ऐपत नसलेल्या नोकरदारास मग लोहमार्गाच्या कडेने पुढे सरकावे लागले. १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा व १९६३ चा मालकी सदनिकांविषयीचा कायदा यांनी सहकारी सोसायटीतील स्वतःच्या घराचा मार्ग प्रशस्त केला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती ठाण्यास वागळे इस्टेट येथे व पुढे डोंबिवलीस उभ्या राहिल्या. तेव्हा कामाच्या जागाही या बाजूस आल्या. १९८२ साली ठाण्यास व १९८३ साली कल्याण-डोंबिवलीस महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत ठाणे महानगराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार, तर कल्याण-डोंबिवलीची सुमारे साडेबारा लाख होती. एवढ्या मोठ्या वस्तीविषयी ‘चांगले’ वा ‘वाईट’ असा एकच निर्णय देणे व्यर्थ होय. निवड गावाची नव्हे, गावातील विशिष्ट भागाची करावयाची असते.

२. शास्त्रकारांचे विचार

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ पीटर रॉसी यांनी फिलाडेल्फिया शहरातील कुटुंबांचा अभ्यास करून १९५५ मध्ये असे दाखविले की, बहुतेक कुटुंबे घर बदलतात ती कुटुंबाच्या आयुष्यक्रमातील बदलांमुळे. विवाह होतो, मुले जन्मतात, ती वाढतात आणि जुनी जागा अपुरी पडू लागते. विल्यम अलोन्सो यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार कुटुंब दोन गोष्टींचा मेळ घालते : केंद्रापासून दूर जावे तो जागा स्वस्त व प्रशस्त मिळते, परंतु प्रवासाचा भार वाढतो. हा हिशेब प्रत्येक कुटुंब चोख करीत असेल, तर दूर राहणारा व जवळ राहणारा हे दोघेही आपापल्या ठिकाणी सारखेच समाधानी असावयास हवेत.

प्रत्यक्षात मात्र तसे आढळत नाही. आलोइस श्टुट्झर व ब्रुनो फ्राय या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील कुटुंबांच्या माहितीवरून २००८ मध्ये निष्कर्ष काढला की, लांबचा प्रवास करणारी माणसे आपल्या जीवनाविषयी कमी समाधानी असतात. स्वस्त घर अथवा अधिक वेतन यांनी ही तूट पुरी भरून निघत नाही. घर पाहताना भाड्याचा आकडा डोळ्यांसमोर स्पष्ट असतो. रोजच्या प्रवासाचा शीण मात्र त्या वेळी जाणवत नाही, हे याचे एक कारण असावे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. दोन जागांच्या भाड्यांत महिना ६,००० रुपयांचा फरक असून स्वस्त जागेहून कामावर जाण्यास एका दिशेने ३५ मिनिटे अधिक लागतात, असे समजू. दिवसास ७० मिनिटे झाली. महिन्याचे २५ दिवस धरता ती २९ तासांहून किंचित अधिक भरतात. म्हणजे बचत ताशी सुमारे २०६ रुपये. पती-पत्नी दोघेही नोकरीस जात असतील आणि दोघांचाही प्रवास वाढत असेल, तर ती ताशी १०३ रुपयांवर येते. याहून महत्त्वाची बाब पैशांत मोजता येत नाही. पाच वर्षांचे मूल रात्री नऊला निजत असेल आणि आई अथवा वडील सात-चाळीसऐवजी सव्वाआठला घरी पोहोचत असतील, तर त्यांच्या सहवासाची ऐंशी मिनिटे पंचेचाळीसवर येतात. हा खर्च कोणत्याही करारनाम्यात लिहिलेला नसतो.

३. प्रवासाची दिशा

अंतर किलोमीटरांत मोजणे या परिसरात फसवे ठरते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून लोहमार्गाने ठाणे सुमारे ३४, डोंबिवली ४८ व कल्याण ५४ किलोमीटर आहे. डोंबिवली व कल्याण यांतील फरक जलद गाडीस फार मोठा नाही. परंतु डोंबिवलीच्या फलाटावर कर्जत-कसाऱ्याकडून येणारी गाडी आधीच भरलेली असते, तर कल्याणहून सुटणाऱ्या गाडीत कल्याणकरास बसावयास मिळू शकते. बसण्याच्या आशेने काही डोंबिवलीकर आधी उलट दिशेने कल्याणास जातात, हे सर्वश्रुत आहे. म्हणून गाव निवडताना तेथून सुटणाऱ्या गाड्या किती व कोणत्या वेळी, हे वेळापत्रकात पाहणे अगत्याचे आहे.

गर्दीचा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्र्याजवळ भरगच्च गाड्यांतून प्रवासी खाली पडले व त्यांतील किमान चौघांचा अंत झाला. फेब्रुवारी २०२२ पासून ठाणे-दिवा दरम्यान पाचवी व सहावी मार्गिका वापरात असूनही गर्दीच्या वेळचा ताण ओसरलेला नाही. दारात लोंबकळण्याखेरीज कामावर वेळेत पोहोचणे जमणार नसेल, तर ती जागा कितीही स्वस्त असली तरी महागच समजावी.

यास्तव प्रथम नोकरीची दिशा निश्चित करावी. काम फोर्ट, दादर अथवा कुर्ल्याच्या बाजूस असेल, तर तिन्ही गावांची तुलना होऊ शकते. काम ऐरोली, घणसोली, तुर्भे अथवा वाशी येथे असेल, तर ९ नोव्हेंबर २००४ रोजी सुरू झालेल्या ठाणे-वाशी मार्गामुळे ठाणे सोयीचे पडते. डोंबिवली-कल्याणकरास ठाण्यास उतरून गाडी बदलावी लागते अथवा शिळफाट्याच्या रस्त्यावरील वाहनांच्या रांगेत थांबावे लागते. ठाण्यातही नौपाडा व पाचपाखाडी स्थानकाच्या आवाक्यात आहेत. घोडबंदर रस्त्यावरील कासारवडवलीसारख्या भागातून स्थानक गाठण्यासच रोज बराच वेळ खर्ची पडतो. दाराच्या उंबरठ्यापासून कचेरीच्या दारापर्यंतचा सर्व काळ मोजावा : रिक्षाची रांग, पादचारी पूल व गाडीची वाट हे सर्व त्यात आले. जे मार्ग वा पूल अद्याप पूर्ण व्हावयाचे आहेत, त्यांचा या हिशेबात समावेश करू नये. जाहिरातीत ते आजच धावत असतात. कुटुंबास मात्र मध्यंतरीची वर्षे जुन्याच मार्गाने काढावी लागतात.

४. घरी राहणाऱ्यांचा दिवस

कमावत्या माणसाचे दिवसाचे दहा-बारा तास गावाबाहेर जातात; गाव खऱ्या अर्थाने वापरतात ती मुले, वृद्ध आणि घर सांभाळणारी व्यक्ती. त्यांचा परीघ लहान असतो. लोहमार्गाने या नगरांचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग केले आहेत, आणि ही विभागणी रोजच्या व्यवहारात फार जाणवते. घर पश्चिमेस व शाळा पूर्वेस असल्यास लहान मुलास दिवसातून दोनदा गर्दीचा पूल ओलांडावा लागतो. शाळा, पाळणाघर, दवाखाना, भाजीबाजार व खेळण्याची मोकळी जागा ही पाच स्थाने रेल्वेच्या एकाच बाजूस व शक्यतो चालत जाण्याच्या अंतरावर असावीत, असा साधा नियम करावयास हरकत नाही. शाळेत प्रवेश मिळण्याची खात्री होण्यापूर्वी जागेचा करार करू नये, हेही ओघानेच आले.

आजी-आजोबा बरोबर येणार असतील, तर त्यांच्या परिचयाची माणसे तुटतात हे विसरता कामा नये. या बाबतीत ही नगरे भाग्यवान आहेत. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने सुरू केलेल्या गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेचे अनुकरण पुढे अनेक गावांनी केले. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१० मध्ये ठाण्यास व २०१७ मध्ये डोंबिवलीस भरले. नव्याने आलेल्या वृद्धास वाचनालयाची वर्गणी व मासुंदा तलावाच्या काठची संध्याकाळ ही ओळखी जुळविण्याची साधने ठरतात. मूळ गावी वरचेवर जावे लागणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे की, नाशिक व पुणे या दोन्ही दिशांच्या अनेक गाड्या कल्याणास, तर कोकणाकडील अनेक गाड्या ठाण्यास थांबतात.

५. जागेची निर्धोकता

घराच्या निवडीत सर्वाधिक हानी होते ती येथील अज्ञानामुळे. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे बांधकाम चालू असलेली एक अनधिकृत इमारत कोसळून ७४ जण मृत्युमुखी पडले. बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराकडे नोंदणी मिळविलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण २०२२ मध्ये कल्याण-डोंबिवलीत उघडकीस आले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. कर्ज काढून तेथे घर घेणाऱ्या कुटुंबांची कोंडी झाली. यावरून असे दिसते की, विकासकाने दाखविलेला नोंदणी क्रमांक पुरेसा नाही; बांधकाम परवानगीची पडताळणी थेट महानगरपालिकेच्या नगररचना विभागात करावी व भोगवटा प्रमाणपत्र पाहावे.

डोंबिवलीच्या औद्योगिक क्षेत्रात २६ मे २०१६ व २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांत भीषण स्फोट झाले, मनुष्यहानी झाली व आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. म्हणून कारखान्यांपासून घर किती दूर आहे, हे पायी फिरून पाहावे. उल्हास नदी, वालधुनी व खाडी यांच्या काठचे सखल भाग अतिवृष्टीत पाण्याखाली जातात. २६ जुलै २००५ रोजी येथे पाणी किती चढले होते, हे जुने रहिवासी सांगू शकतात. पाणीपुरवठ्याची चौकशीही इमारतीगणिक करावी. कल्याण-डोंबिवलीलगतची २७ गावे २००२ मध्ये महानगरपालिकेतून वगळली गेली व २०१५ मध्ये पुन्हा समाविष्ट झाली; अशा सीमावर्ती भागांत मोठ्या इमारती आधी व नळ, गटारे, रस्ते मागाहून असा क्रम लागतो. महिन्यास टँकर किती येतात व त्याचा खर्च कोण देतो, हा प्रश्न सोसायटीच्या चिटणीसास अवश्य विचारावा.

६. उपसंहार

वरील विवेचनावरून एक व्यवहार्य क्रम सुचतो. नव्या नोकरीचे पहिले वर्ष भाड्याच्या घरात काढावे. घर विकत घेण्याची घाई करू नये. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्यानुसार भाड्याचा करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो, हे कलम दोन्ही पक्षांच्या हिताचे आहे. जागा ठरविण्यापूर्वी कामाच्या दिवशी, गर्दीच्या वेळी, घर ते कचेरी हा प्रवास एकदा प्रत्यक्ष करावा. आणि शक्य तर तो भाग पावसाळ्यात व रात्री नऊनंतर पाहावा. भाड्याने घालविलेल्या त्या एका वर्षात शाळा, पाणी, शेजार व प्रवास या चारही गोष्टी अनुभवाने कळतात, आणि चूक झाली असल्यास ती वीस वर्षांच्या कर्जाने बांधली जात नाही.

ठाणे महाग पण अनेक दिशांस जोडलेले, डोंबिवली आटोपशीर पण गर्दीचे, कल्याण दूरचे पण बाहेरगावच्या मार्गांवरचे, असे ढोबळ वर्णन करता येईल. निर्णय मात्र त्यावरून होणार नाही. कुटुंबातील ज्या व्यक्तीस स्वतःहून फार दूर जाता येत नाही, ते लहान मूल अथवा ती वृद्ध आई, तिचा दिवस ज्या ठिकाणी सुरळीत जाईल आणि कमावती माणसे ज्या ठिकाणी दिवेलागणीनंतर फार उशीर न करता सुखरूप परततील, तेच त्या कुटुंबापुरते चांगले गाव होय.