मोबाईलची मांडणी : दाराशी काय, फळीवर काय?



गळीत हंगाम सुरू झाला की सभासदाच्या खिशातला मोबाईल कोयत्याइतकाच कामाचा होतो. तोडणीची पाळी केव्हा, ट्रॅक्टर कोठवर आला, काट्यावर वजन किती भरले, बिल खात्यावर जमा झाले की नाही, हे सर्व आता त्यावरूनच कळते. असे असूनही पुष्कळांचा स्मार्टफोन दुकानातून आणला तसाच राहतो. नको ती चित्रे समोर आणि हवा तो नंबर शोधायला बोट फिरवून फिरवून जीव मेटाकुटीला येतो! फोन आपल्या कामाप्रमाणे लावून घेता येतो आणि त्याला एक पैसाही पडत नाही. तो कसा लावावा याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

वस्तीवरची अवजारांची खोली डोळ्यांपुढे आणा. खुरपे आणि फावडे दाराशी असते, कारण ते रोज लागते. फवारणीचे औषध वरच्या फळीवर कुलपात असते, कारण चुकून कोणाचा हात लागू नये. मोबाईलची मांडणीही याच हिशेबाने करावी. रोजचे काम एका बोटावर आणावे आणि चुकून झाले तर नुकसान करील असे काम दोन पायऱ्या आत ठेवावे. बहुतेक लोक यातला पहिला अर्धा भाग करतात आणि दुसरा विसरतात.

तीन शब्दांचा अर्थ

ॲप म्हणजे फोनमधील एका कामाचे यंत्र. शॉर्टकट म्हणजे त्या यंत्राकडे किंवा त्यातल्या एखाद्या खोलीकडे जाणारी जवळची वाट. जेश्चर म्हणजे बोटाची किंवा हाताची खूण, जसे कडेवरून बोट ओढणे किंवा बटण दोनदा दाबणे. स्क्रीनवरून शॉर्टकट काढला म्हणजे ॲप गेले असे नाही. फक्त वाट बंद झाली. ॲप खरोखर काढायचे असेल तर त्यावर बोट दाबून धरावे आणि 'अनइन्स्टॉल' निवडावे.

दाराशी काय ठेवावे?

१) माणसांचे नंबर. जुन्या बटणांच्या फोनवर '२' दाबून धरले की घरी फोन लागे, ते अनेकांना आठवत असेल. तीच सोय येथेही आहे. बहुतेक अँड्रॉइड फोनांत स्क्रीनच्या मोकळ्या जागी बोट दाबून धरले की 'विजेट' येते. त्यात 'डायरेक्ट डायल' घेऊन नाव निवडले की त्या माणसाचे चित्र समोर येते. त्याला स्पर्श करताच फोन लागतो. घरचा नंबर, चिटबॉय आणि मुकादम असे तीन-चारच नंबर ठेवावेत. गर्दी केली की पुन्हा शोधाशोध आलीच.

२) गटाचे संदेश. व्हॉट्सॲपवरील एखाद्या गप्पेवर बोट दाबून धरून वरच्या तीन टिंबांत गेले की तिचा शॉर्टकट स्क्रीनवर आणता येतो. मग लग्नपत्रिका आणि सुप्रभाताच्या ढिगातून गट ऑफिसचा संदेश हुडकावा लागत नाही.

३) शेतीची ॲपे. 'ई-पीक पाहणी' महाराष्ट्रात २०२१ साली राज्यभर सुरू झाली. तिची नोंद सातबाऱ्यावर चढते. पीकविमा, नुकसानभरपाई, कर्ज यांच्या वेळी याच नोंदीला महत्त्व येते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे 'दामिनी' ॲप आसपासच्या विजांची सूचना देते. वळवाच्या दिवसांत रानात असणाऱ्याला ती मोलाची. अशी दोन-तीन ॲपे एकमेकांवर ओढून ठेवली की त्यांची एक पेटी बनते. तिला 'शेती' असे नाव द्यावे.

४) बॅटरी. रात्रीच्या लाईटवर पाणी पाजायला जाणाऱ्याला ती क्षणात लागते. वरून खाली बोट ओढल्यावर दिसणाऱ्या पट्टीत पेन्सिलीचे चिन्ह असते. तेथून बॅटरीचे चिन्ह ओढून पहिल्या जागी आणावे. मोटोरोलाच्या अनेक फोनांत हात दोनदा झटकला तरी उजेड पडतो.

५) वारंवार लिहावा लागणारा मजकूर. सभासद क्रमांक, गट नंबर, लागणीची तारीख आणि उसाची जात ही माहिती दर वेळी टाइप करण्याचा कंटाळा येतो. गूगलच्या कीबोर्डात 'पर्सनल डिक्शनरी' असते. तेथे हा मजकूर एकदा लिहून त्याला 'ऊस१' असे छोटे नाव द्यावे. पुढे 'ऊस१' लिहिताच पूर्ण ओळ सुचवली जाते. ज्यांना लिहिणेच नको, त्यांनी कीबोर्डवरील माइक दाबून मराठीत बोलावे. फोन स्वतः लिहून घेतो.

फळीवर काय ठेवावे?

१) मोटारीचा मोबाईल स्टार्टर. अनेकांनी विहिरीवर सिमकार्डाचा स्टार्टर बसवला आहे. घरून फोन केला की मोटर चालू. उत्तम सोय आहे! पण त्याचा नंबर 'डायरेक्ट डायल' करून मुलाच्या नंबराशेजारी ठेवू नये. बोट चुकले आणि त्या वेळी कोणी फुटबॉल काढायला विहिरीत उतरलेला असेल किंवा पेटीपाशी वायर जोडत असेल, तर प्राणाशी गाठ आहे. हा नंबर साध्या यादीतच ठेवावा, म्हणजे आधी नाव उघडेल आणि मग फोन लागेल. मधली ती एक पायरी विचार करायला वेळ देते. आणि मोटरीवर काम करण्यापूर्वी मेन स्विच पाडणे हे मात्र कोणत्याही फोनच्या भरवशावर सोडू नये.

२) पैसे. पैसे पाठवण्याच्या ॲपला वेगळे कुलूप लावावे. पिन कोठेही लिहून ठेवू नये, वर सांगितलेल्या डिक्शनरीत तर नाहीच. पैसे पाठवताना पिन लागतो, घेताना लागत नाही. 'पैसे जमा करतो, पिन टाका' म्हणणारा ठक समजावा. नातवंडांच्या हाती फोन देताना 'ॲप पिनिंग' सुरू करावे. मग पोर एकाच ॲपमध्ये राहते.

३) बाहेरून आलेले ॲप. सरकारी योजनेची यादी किंवा वाहनाचा दंड अशा नावाने व्हॉट्सॲपवर 'एपीके' फाइल येते. ती बसवली आणि मागेल ती परवानगी दिली, की बँकेचे संदेश परक्याला वाचता येतात. ॲप नेहमी प्ले स्टोअरमधूनच घ्यावे, आणि तेथेही ते कोणी काढले हे पाहावे. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितके पैसे हातचे जाण्याची भीती जास्त.

संकटाचे बटण

अँड्रॉइड १२ ही आवृत्ती २०२१ साली आली. तेव्हापासून अनेक फोनांत कडेचे पॉवर बटण भराभर पाच वेळा दाबले की मदतीसाठी फोन लावण्याची सोय आहे. आपल्याकडे हा क्रमांक ११२ आहे. सर्पदंश झाला आणि अंधारात नंबर हुडकणे जमत नसेल, तेव्हा याची किंमत कळते. सेटिंगमधील 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' येथे ही सोय चालू आहे का ते पाहावे. तेथेच रक्तगट आणि घरचा नंबर भरावा. कुलूप असतानाही तो दुसऱ्याला वाचता येतो.

हेच बटण खिशात दाबले जाऊ शकते. २०२३ साली ब्रिटनमधील पोलिसांनी या सोयीमुळे चुकून येणाऱ्या फोनांची संख्या फार वाढल्याचे जाहीर केले होते. म्हणून फोन लागण्यापूर्वी आकडे उलटे मोजण्याची सोय असेल तर ती चालू ठेवावी. चुकून लागलाच तर न तोडता 'चुकून लागला' असे सांगावे.

बोटांच्या खुणा आणि ओली बोटे

२०१९ च्या अँड्रॉइड १० पासून खालची तीन बटणे काढून बोट ओढून काम करण्याची पद्धत आली. कडेवरून आत ओढले की मागे, खालून वर ओढले की मुखपृष्ठ. तरुणांना ती आवडते. मात्र अर्ज भरताना कडेला बोट लागून मागे गेले तर भरलेले जाऊ शकते. वडीलधाऱ्यांनी सेटिंगमधून तीन बटणे परत आणावीत; त्यात कमीपणा काही नाही. स्क्रीनला बोटातील सूक्ष्म विद्युतगुण जाणवतो म्हणून ती चालते. पाण्याच्या थेंबांनी ती गोंधळते आणि भलतेच दाबले जाते. बोट आणि काच दोन्ही पुसूनच फोन हाताळावा.

शेवटी एकच विनंती. रविवारी घरातल्या कॉलेजच्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून अर्धा तास या कामाला द्यावा. मात्र मांडणी त्यांच्या आवडीची न होता तुमच्या कामाची झाली पाहिजे, एवढे लक्षात ठेवावे. फोन लावून झाला की डोळे मिटून विचारावे : रात्री दोन वाजता, अंधारात, घाबरलेल्या हाताने मला घरचा नंबर सापडेल का? आणि त्याच हाताने चुकून मोटर चालू होईल का? पहिल्याचे उत्तर 'होय' आणि दुसऱ्याचे 'नाही' आले, की मांडणी झाली असे समजावे.